जागल्याचा वाटा

लखनौहून हरदोईच्या सडकेने वायव्येस निघाले म्हणजे शहराची वस्ती विरळ होता होता काकोरी लागते. १९२५ साली क्रांतिकारकांनी आगगाडीतून जाणारा सरकारी खजिना लुटला त्यामुळे मराठी वाचकाच्याही कानावरून गेलेले हे नाव. त्याच परिसरात दशहरी नावाचे एक लहानसे खेडे आहे, आणि त्या खेड्यात आंब्याचा एक जुनाट, विस्तीर्ण वृक्ष उभा आहे; उत्तर हिंदुस्थानातला सारा दशहरी आंबा त्याच्याच कलमांची संतती, असे मानले जाते. या झाडाविषयी तिकडे एक कथा सांगतात. झाड ज्या नवाबी घराण्याच्या मालकीचे, त्याला आपल्या फळाचा इतका अभिमान, की झाडाला फळ धरले म्हणजे त्यावर जाळे टाकले जाई, खाली पहारा बसे, आणि कुणा थोरामोठ्याकडे नजराण्यादाखल आंबे पाठवायचेच झाले तर कोयीला भोक पाडून पाठवीत, म्हणजे ती कुणाच्या अंगणात रुजू नये. इतका बंदोबस्त असूनही दशहरीचे कलम एके दिवशी मलिहाबादेस पोहोचले ते पोहोचलेच. कथेतला कोणता तपशील इतिहासाचा आणि कोणता आंब्याच्या मोसमात रंगणाऱ्या गप्पांचा, याची चिकित्सा करण्याचे कारण नाही. परंतु ती खरी धरली तर एका यशस्वी चोरीवर एका तालुक्याचे वैभव उभे आहे, आणि ते वैभव चोरांपासून वाचविण्यासाठी आज त्याच तालुक्याला उन्हाळ्याच्या रात्री जागून काढाव्या लागतात, असे म्हणणे प्राप्त होते.

मलिहाबादच्या बागांचा व्यवहार ज्याला ठाऊक नाही त्याला तिथल्या राखणीचे मर्म कळणार नाही. बागेचा धनी पुष्कळदा स्वतः फळ विकीत नाही. मोहोर पाहून, कधी त्याच्याही आधी, तो बहार ठोक रकमेने व्यापाऱ्यास देऊन मोकळा होतो, आणि तिथून पुढे वारा, गारा, तुडतुडा व चोर या चारही संकटांचा धनी तो व्यापारी होतो. हापूसच्या बागा कराराने देण्याची वहिवाट आपल्या कोकणातही आहेच, व रत्नागिरीच्या बागांतून हंगामापुरते येऊन राहणारे नेपाळी राखणदार तर आता कुणाला नवे वाटत नाहीत. मलिहाबादेत फळ पाडाला लागण्याच्या सुमारास बागेत गवताची झोपडी पडते, तिच्यापुढे एक बाज, बाजेच्या उशाशी काठी, पूर्वी कंदील होता तिथे आता बॅटरी, आणि फांदीला दोरीने टांगलेला पत्र्याचा रिकामा डबा. दिवसा पोपट आणि माकडे, रात्री वटवाघळे, आणि या दोन पाळ्यांच्या सांध्यात माणूस. डबा वाजविला, गोफण फिरविली, हाळी दिली की पाखरे उडतात. पण हाळीचा उपयोग तेवढाच नव्हे. एका बागेतून हाळी गेली की शेजारच्या बागेतून उत्तर यावे लागते, आणि उत्तर आले नाही तर पहिल्याने काठी घेऊन उठायचे असते. पोरासोरांनी वावटळीनंतर खाली पडलेल्या कैऱ्या वेचल्या तर राखणदार आरडाओरडा करतो खरा, पण त्यात रागापेक्षा रिवाजाचा भाग अधिक असतो. त्याचे खरे लक्ष बांधाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर दिवे मालवून थांबणाऱ्या छोट्या मालमोटारीकडे. भुकेपोटी चार फळे तोडणारा आणि बाजारभाव पाहून अर्धी बाग खाली करणारा, हे दोन निराळे चोर आहेत, आणि राखणीची कोणतीही जुनी व्यवस्था या दोघांना एका तागडीत घालीत नसे.

राखणदार जागा राहतो तो कशासाठी? प्रश्न बालिश वाटेल, परंतु या विषयाचे सारे गमक त्यात आहे. प्रेमचंद ‘माधुरी’ मासिकाच्या संपादनासाठी लखनौत वास्तव्यास होते त्या काळात, १९३० साली, त्यांची ‘पूस की रात’ ही कथा प्रसिद्ध झाली. कांबळ्यासाठी साठविलेले रुपये सावकाराला देऊन टाकावे लागलेला हल्कू पौषातल्या कडाक्याच्या थंडीत कुत्र्याला कवटाळून शेत राखायला बसतो, नीलगाई पीक चरत असल्याचा आवाज त्याला ऐकू येतो, आणि तो उठत नाही. सकाळी उजाड शेत पाहून त्याच्या बायकोचा जीव तुटतो, पण त्याला मात्र आता थंडीत निजायला यावे लागणार नाही याचेच समाधान वाटते. समीक्षकांनी या कथेत दारिद्र्याचे चित्र पाहिले आणि ते योग्यच आहे. राखणीच्या दृष्टीने पाहणाऱ्याला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसेल: ज्या पिकातला दाणा खंडात आणि व्याजात जाणार, घरात येणार नाही, त्या पिकासाठी कुणीही जागत नाही, आणि शेजारच्या शेतातून त्याच्या हाळीला उत्तर देणाराही उरत नाही.

अवधच्या खेड्यांतून रात्रीच्या पहाऱ्याचे काम परंपरेने बहुतांशी पासी समाजाकडे असे. ताडी उतरविणे हा त्यांचा एक धंदा, धनुष्यबाण हे त्यांचे जुने हत्यार, आणि गावची चौकीदारी हे त्यांचे वतन म्हणावे असे काम. मोबदल्यात कुठे जमिनीचा तुकडा, कुठे सुगीत खळ्यावरच्या धान्यातला वाटा. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून गाजलेला स्लीमन १८४९ मध्ये लखनौच्या दरबारी रेसिडेंट होऊन आला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून तीन महिने त्याने सारा मुलूख पालथा घातला. त्या दौऱ्याची दैनंदिनी त्याच्या मृत्यूनंतर १८५८ साली छापली गेली. तीत तो पासींची एक लाख कुटुंबे अवधात असावीत असा अंदाज देतो, आणि ती सारी धंद्याने चोर-दरोडेखोर असल्याचे सांगून बंडखोर जमीनदारांच्या टोळ्यांत त्यांचाच भरणा असतो अशी तक्रार करतो. साहेबाची निरीक्षणशक्ती दांडगी होती, यात वाद नाही. तथापि ज्या समाजाच्या हाती गावोगावची राखण आहे तोच समाज सबंधच्या सबंध चोर कसा, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता तितक्या तीव्रतेने पडलेला दिसत नाही. नवाबी अंमल ढिला झाला, जमीनदारांनी सारा भरण्याऐवजी गढ्या बांधल्या, आणि ज्याने पहाऱ्याचे धान्य द्यायचे त्यानेच शेजाऱ्याची गुरे हाकून आणण्याचा हुकूम दिला, तेव्हा पहारेकऱ्याने कोणत्या नीतिशास्त्राचा आधार घ्यावयाचा होता? याच समाजातली उदादेवी १८५७ च्या नोव्हेंबरात सिकंदरबागेच्या लढाईत पिंपळावर चढून इंग्रज शिपाई टिपीत होती, अशी लखनौची आठवण आहे. आणि शहराच्या दक्षिण भागात बिजली पासी या राजाच्या नावाचा किल्ला आहे, त्याच्या नावाने भारत सरकारने २००० साली टपालाचे तिकीटही काढले.

मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल, कारण पासींच्या जागी रामोशी घातला की कथा आपल्या सह्याद्रीच्या पूर्वेकडील मुलखाची होते. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला, मॅकिंटॉशने रामोश्यांवर स्वतंत्र पुस्तक १८३३ मध्ये छापले, आणि दोघांच्याही लिखाणात गावच्या जागल्याच्या कामाचे जे वर्णन आढळते ते आज वाचताना त्यातल्या काटेकोरपणाचे नवल वाटते. गावात चोरी झाली, गुरे नेली, म्हणजे पहाटेस जागल्या माग काढू लागे. पावलाचा ठसा स्पष्ट उमटला असेल तिथे काडीने त्याचे माप घेई आणि ती काडी जपून ठेवी. माग गावच्या शिवेपर्यंत गेला की त्याने तिथे थांबावयाचे आणि शेजारच्या गावच्या जागल्याला बोलावून माग त्याच्या स्वाधीन करावयाचा. मग तो माग आपल्या हद्दीतून पुढे काढून देणे ही त्या दुसऱ्या गावची जबाबदारी. माग ज्या गावात विरला, आणि ज्याला तो आपल्या शिवेपलीकडे दाखविता आला नाही, त्या गावाने चोरीची भरपाई करावयाची.

या रीतीत एक विलक्षण शहाणपण आहे. चोर कोण, हे तिथे प्रथम विचारलेच जात नाही. माल कुणाच्या हद्दीत नाहीसा झाला, एवढेच विचारले जाते. परिणामी, चोराला आसरा देणे, चोरीचा बैल स्वस्तात घेऊन डोळे मिटणे, रात्री परक्या माणसांचा घोळका शिवारातून जाताना पाहूनही कूस बदलणे, या साऱ्या गोष्टी गावाला महाग पडतात. इंग्लंडात तेराव्या शतकात हाच विचार कायद्याच्या रूपाने आला होता. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने दरोड्याची भरपाई त्या त्या परगण्यावर टाकली आणि ‘चोर, चोर’ असा गलका झाल्यावर प्रत्येकाने पाठलागास निघावे असे बंधन घातले. म्हणजे साहेबाच्या पूर्वजांना जे ठाऊक होते ते साहेबाने इथे येऊन अडाणी वहिवाट म्हणून दप्तरात नोंदविले, आणि नोंद वाळण्याच्या आतच ती मोडीतही काढली.

परंतु या व्यवस्थेचे नुसते गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भरपाई गावाने करावयाची हा नियम. व्यवहारात ती पुष्कळ ठिकाणी जागल्याच्या मानगुटीवर बसे, म्हणजे ज्याच्या घरात गमावण्याजोगे काही नाही त्याच्याच. उलट, रखवालीचे धान्य थकले तर तोच जागल्या एखाद्या रात्री डोळा लावी. पुण्यात तर साहेब लोकांच्या बंगल्यावर रामोशी नोकरीस ठेवला नाही तर चोरी ठरलेली, असा लौकिक होता. रखवाली आणि खंडणी यांच्यामधली भिंत सर्वत्र पातळच असते. उमाजी नाईकाचे बंड, ज्याचा शेवट ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देऊन झाला, तेही मुळात पुरंदरच्या परिसरातले रामोश्यांचे पहाऱ्याचे हक्क नव्या सरकारने काढून घेतल्यावर पेटले. महारांच्या वतनाची कथा याहून विषण्ण. गावच्या शिवेची ओळख, सरकारी खजिन्याची राखण, वर्दी देणे, माग काढणे, ही जोखमीची सारी कामे त्यांच्याकडे, आणि मोबदला म्हणजे तुटपुंजे इनाम व हात पसरून मागावयाचे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या वाट्यातली भीक काढून तिथे पगार आणण्यासाठी. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. गावाने एकोप्याने राखण करावी असे आज ज्यांना वाटते त्यांनी हे विसरू नये, की त्या जुन्या एकोप्यात जागणारे एक होते आणि निजणारे दुसरे.

इंग्रजी अंमलाने या गुंतागुंतीतून जी वाट काढली ती दोन्ही अंगांनी चुकली असे आमचे मत आहे. वायव्य प्रांतात १८७३ च्या सोळाव्या कायद्याने चौकीदार गावाचा न राहता ठाण्याचा झाला. त्याला महिन्याकाठी ठराविक रुपये मिळू लागले, आणि ठराविक दिवशी ठाण्यावर जाऊन जन्म, मृत्यू व संशयित परके यांची वर्दी देणे हे त्याचे मुख्य काम होऊन बसले. पिकाशी त्याचे जे नाते खळ्यावर होते ते सुटले. दुसरीकडे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला तो प्रथम लागू झाला पंजाब, वायव्य प्रांत व अवध या मुलखांत. आणि राखणीवर जगणाऱ्या जातींपैकी कित्येकांच्या नावापुढे कालांतराने, कुठे सबंध जातीच्या तर कुठे एखाद्या गटाच्या, जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजेरी द्यायची ती त्यांनीच, परवाना घ्यायचा तो त्यांनीच. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का फौजदाराच्या मनातून मात्र त्या दिवशी पुसला गेला नाही.

आणि गावांनी काय केले? गावांनी व्यवहार केला. संयुक्त प्रांताच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत व बिहारात गुरे चोरीस गेली की मालक ठाण्यात जाण्याऐवजी मध्यस्थाकडे जाई आणि ‘पनहा’ नावाची रक्कम भरून आपलाच बैल सोडवून आणी. चोर, मध्यस्थ, आणि कधीकधी त्यांच्या पाठीशी असलेला जमीनदार, या तिघांची वाटणी ठरलेली असे. पेरणीच्या तोंडावर बैल गेलेल्या कुणब्याला न्यायापेक्षा बैल हवा असतो, ही गोष्ट पंचनामा करणाऱ्याला कधी समजत नाही.

या पार्श्वभूमीवर लखनौच्याच पंचक्रोशीत १९२१ च्या अखेरीस जे घडले त्याकडे शेतकरी आंदोलनांचे इतिहासकार पाहतात, गावच्या राखणीचा विचार करणारे क्वचितच. मलिहाबादच्या काही काँग्रेस व खिलाफत कार्यकर्त्यांनी सुरू केलेली ‘एका’ चळवळ पाहता पाहता हरदोई, सीतापूर, बाराबंकी या जिल्ह्यांत पसरली, आणि थोड्याच काळात तिची सूत्रे मदारी पासी या खालच्या थरातून आलेल्या पुढाऱ्याच्या हाती गेली. दप्तरात नोंदलेल्या खंडापेक्षा कितीतरी अधिक, ठिकठिकाणी दीडपटीपर्यंत, वसूल होणारा खंड आणि ठेकेदारांचा जुलूम ही तक्रारीची मुळे. सभा भरे ती विधिपूर्वक. जमिनीत खड्डा खणून त्यात पाणी भरावयाचे, त्यास गंगा मानावयाचे, आणि जमलेल्यांनी शपथ घ्यावयाची: नोंदलेला खंडच देऊ पण वेळेवर देऊ, बेदखल केले तरी शेत सोडणार नाही, वेठ करणार नाही, पंचायतीचा निवाडा मानू, आणि गुन्हेगारांना कोणतेही साह्य करणार नाही.

हे शेवटचे कलम आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. स्लीमनने ज्यांना सरसकट चोर ठरविले त्या समाजातला एक माणूस, पाऊणशे वर्षांच्या आत, त्याच मुलखात, हजारो कुळांना गंगेच्या साक्षीने चोराला थारा न देण्याची शपथ घालतो. आणि ही शपथ खंडाच्या, वेठीच्या व जमिनीवरील हक्काच्या शपथांच्या शेजारी उभी असते, त्यांच्यापासून वेगळी नसते. वाटा न्याय्य करा, मग राखण आम्ही करतो, असा तो सौदा होता. सरकारने सौदा न पाहता बंड पाहिले. १९२२ च्या वसंतापर्यंत चळवळ दडपली गेली आणि त्याच वर्षी मदारीही पकडला गेला.

दूरच्या पेरू देशात पुढे असाच सौदा तडीस गेला. अँडीज पर्वतातल्या चोता परगण्यात कुयुमाल्का या वाडीच्या शेतकऱ्यांनी गुरेचोरांना कंटाळून २९ डिसेंबर १९७६ रोजी सभा भरवून रात्रीचे फेरीपथक नेमले. प्रत्येक घरातल्या पुरुषाची पाळी, जमीन किती यावर सूट नाही. पकडलेल्या चोराला पुष्कळदा ते ठाण्यात देत नसत, तर दिवसा गावाच्या कामाला लावीत आणि रात्री आपल्याबरोबर फेरीवर नेत; एका वाडीचे झाले की दुसऱ्या वाडीच्या स्वाधीन. सगळेच काही असे सौम्य नव्हते, मारहाणीच्या तक्रारीही झाल्या. परंतु १९९३ च्या राज्यघटनेने आणि २००३ च्या कायद्याने त्या देशाने ही पथके मान्य केली. टांझानियात सुकुमा व न्यामवेझी लोकांत १९८१-८२ च्या सुमारास उभी राहिलेली सुंगूसुंगू पथकेही गुरेचोरीतूनच जन्मली.

आता वर्तमानाकडे वळावे. उत्तर प्रदेशात चौकीदार आजही आहे. तुटपुंज्या मानधनावर तो ठाण्याला गावाच्या खबरी पुरवितो, आणि त्याच्या गावाची गुन्हे-पुस्तिका ठाण्यात आठ क्रमांकाची नोंदवही म्हणून ओळखली जाते. लखनौच्या पोलीस मुख्यालयाने काही वर्षांपूर्वी ‘सी-प्लॅन’ नावाची एक योजना काढून गावोगावच्या सुमारे दहा-दहा प्रतिष्ठित माणसांचे मोबाइल क्रमांक एकत्र केले. कल्पना वाईट नाही. परंतु प्रतिष्ठित मनुष्य रात्री दोन वाजता शिवारात असतो काय, हा प्रश्न उरतोच. शिवारात जो असतो तो दुसराच कुणी. आणि अवधात तो आज चोरापेक्षा मोकाट गुरांनीच अधिक पिडला आहे. गहू, मोहरी व भाजीपाला वाचविण्यासाठी तो रात्रभर बॅटरी घेऊन कुंपणाकडेने हिंडतो. चोर सापडलाच तर त्या फेरीत अनायासे सापडतो.

आपल्याकडे १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील आला आणि त्याच्या जोडीला ग्राम सुरक्षा दले. पुणे, नाशिक, नगर या जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत जी ग्राम सुरक्षा यंत्रणा रुजली तिची युक्ती साधी आहे: गावातल्या कुणीही ठरलेल्या एका क्रमांकावर फोन करून संकट सांगितले की तोच आवाज गावातल्या शेकडो फोनवर एकाच वेळी वाजतो. मलिहाबादच्या हाळीचेच हे तारायंत्री रूप म्हणावे. २०२३ च्या जुलै-ऑगस्टात टोमॅटोचे भाव शंभरीपलीकडे गेले तेव्हा शिरूर तालुक्यात टोमॅटोच्या क्रेटी चोरीला गेल्या आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने बावीस हजार रुपये खर्चून शेतात कॅमेरा बसविला. कॅमेरा पाहतो, यात शंका नाही. तो हाळीला उत्तर देत नाही.

या साऱ्याला एक काळी बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे टाळेबंदीच्या दिवसांत चोरांच्या अफवेने रात्री जागणाऱ्या लोकांनी दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा जीव घेतला. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्यापासून जुन्नर-आंबेगावापर्यंत आकाशात रात्री ड्रोन दिसतात आणि मागोमाग चोर येतात अशी वदंता उठून गावेच्या गावे काठ्या घेऊन जागली. २०२५ मध्ये तीच वदंता उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागातून अवधात उतरली, आणि ऑक्टोबरच्या आरंभी लखनौपासून फार दूर नसलेल्या रायबरेली जिल्ह्यात ऊंचाहारच्या बाजूस, शेजारच्या फतेहपूर जिल्ह्यातल्या एका दलित माणसाला चोर ठरवून मारून टाकण्यात आले. या घटनांतल्या जमावाला कुणी पहारा म्हणत असतील तर त्यांनी जुन्या माग काढण्याच्या रीतीशी त्याची तुलना करावी. तिथे पहारेकऱ्याला आपल्या शिवेवर थांबावे लागे, माग दाखवावा लागे, आणि चूक झाली तर भरपाई पडे. इथे माग नाही, शीव नाही, भरपाई नाही. आणि परका दिसणारा भटका, दलित वा गोसावी हा गुन्हेगार, हे १८७१ चे सूत्र तेवढे शाबूत.

कायद्याची भाषा या बाबतीत पुष्कळ स्पष्ट आहे. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या चाळिसाव्या कलमानुसार आपल्या समक्ष गंभीर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणीही नागरिक पकडू शकतो, परंतु विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. हे सहा तासांचे बंधन ग्राम सुरक्षा दलाच्या किती सभांत वाचून दाखविले जाते, याची चौकशी एखाद्या पोलीस पाटलाने आपल्यापुरती करून पाहावी. गावातल्या कोणत्या खोलीत त्याला बसवायचे, पाणी कुणी द्यायचे, ठाण्याला फोन कुणी लावायचा, आणि पहिला हात उगारणाऱ्याचा हात कुणी धरायचा, ही कामे आधी वाटून दिलेली नसतील तर मध्यरात्री ती कुणीच करीत नाही.

शिवाय गावाची राखण कितीही चोख असली तरी ती शिवेपाशी संपते, आणि चोरीचा माल शिवेपलीकडेच विकतो. आंब्याच्या पेटीवर झाडाचे नाव नसते. पहाटे लखनौच्या दुबग्गा मंडीत उतरलेला माल कोणत्या बागेचा, हे विचारण्याचे अडत्याला काही कारण नाही. जनावरांचे थोडे निराळे. जुन्या बाजाराच्या पावतीत रंग, शिंगांचा बाक, भोवरा, दात किती, हे सारे लिहिले जाई. दोनदाती खोंड विकणाऱ्याने जुळलेल्या बैलाची पावती दाखविली तर जाणता कारकून ती उलटून पाही. आता त्याच्या जोडीला कानातला पिवळा बिल्ला आला आहे, बारा अंकी क्रमांकाचा, उत्तर प्रदेशात जसा तसाच महाराष्ट्रात. आणि आपल्याकडे १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून जनावराची खरेदी-विक्री करण्यास मनाईही झाली. चोर साहजिकच बिल्ला कातरतो, क्वचित कानासकट. फाटलेल्या कानाची म्हैस बाजारात आली की ती कुठून आली हे विचारायचे की नवा बिल्ला ठोकायचा, हे तूर्त पावती फाडणाऱ्याच्या मर्जीवर आहे. आणि त्याची फी धन्याच्या म्हशीमागे जेवढी, चोराच्या म्हशीमागेही तेवढीच.